थंडीतील कोवळी रोपे : दिल्लीच्या द्वारका परिसरातील भाजीशेतीचा अर्थविचार

दिनांक ८ जानेवारी २००६ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत किमान तापमान ०.२ अंश सेल्सिअस नोंदले गेले. १६ जानेवारी १९३५ रोजीच्या उणे ०.६ अंशानंतर राजधानीने अनुभवलेली ही सर्वांत थंड पहाट होती. पुढेही असे प्रसंग आले. ३० डिसेंबर २०१९ रोजी दिवसाचे कमाल तापमानच ९.४ अंशांवर अडले आणि १ जानेवारी २०२१ रोजी किमान तापमान १.१ अंशापर्यंत उतरले. अशा थंडीची चर्चा प्रामुख्याने विमाने, रेल्वे आणि शाळा यांच्या अनुषंगाने होते. परंतु त्याच रात्री शहराच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणखी एक नुकसान घडत असते. उन्हाळी भाजीपाल्यासाठी वाढविलेली तीन-चार पानांची कोवळी रोपे एका रात्रीत काळी पडतात आणि त्यांच्याबरोबर एखाद्या कुटुंबाचे वर्षाचे भांडवलही जाते.

भाजीपाल्याच्या रोपांना थंडीचा ताण सोसण्यास समर्थ कसे करावे, हा वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो जोखीम, पतपुरवठा आणि जमिनीवरील हक्क यांच्याशी निगडित असा आर्थिक प्रश्नही आहे. प्रस्तुत लेखात नैर्ऋत्य दिल्लीतील द्वारका-नजफगड परिसराच्या संदर्भात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

शहराच्या कडेची शेती

द्वारका हे दिल्ली विकास प्राधिकरणाने नियोजनपूर्वक वसविलेले उपनगर होय. आरंभी ते 'पप्पनकलां' प्रकल्प या नावाने ओळखले जाई. पालमचा विमानतळ त्याला लागून आहे. डिसेंबर २००५ अखेर मेट्रो द्वारकेपर्यंत पोहोचली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ती नजफगडपर्यंत गेली. ज्या गावांच्या शेतजमिनीवर हे उपनगर उभे राहिले, त्यांतील बागडोला, पोचनपूर, भरथल, धूलसिरस ही नावे आजही तेथे ऐकू येतात. इमारतींची रांग संपली की छावला आणि नजफगडच्या दिशेने गहू, मोहरी आणि भाजीपाल्याची शेते लागतात. साहिबी नदीच्या जुन्या प्रवाहाशी संबंधित असलेला नजफगड नाला याच भागातून वाहतो.

या परिसरातील भाजी उत्पादकाला एक मोठी अनुकूलता लाभली आहे. केशोपूर आणि आझादपूरच्या बाजारपेठा काही तासांच्या नव्हे, तर काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. सकाळी तोडलेली भाजी त्याच दिवशी विकली जाऊ शकते. मात्र येथे भाजी पिकविणाऱ्यांमध्ये दुसऱ्याची जमीन ठेक्याने किंवा बटाईने कसणारे अनेक जण आहेत. जमिनीचे मूल्य शहराच्या विस्तारामुळे ठरते, पिकामुळे नव्हे. त्यामुळे मालक दीर्घ मुदतीचा करार करण्यास नाखूश असतो आणि कसणाऱ्याचा विचार एका हंगामापुरता मर्यादित राहतो. थंडीपासून संरक्षणाचा कोणताही उपाय या वास्तवाच्या चौकटीत तपासला पाहिजे.

संशोधनाच्या बाबतीत हा परिसर उपेक्षित नाही. पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात भारत-इस्रायल सहकार्यातून संरक्षित शेतीचा प्रकल्प उभा राहिला. उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशासाठी बिगरहंगामी भाजीपाल्याचे तंत्र विकसित करण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. नजफगडच्या पलीकडे उजवा या गावी दिल्लीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. ते राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानामार्फत चालविले जाते. नाशिकजवळच्या चितेगाव फाटा येथील कांदा संशोधनामुळे हे प्रतिष्ठान महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना चांगले परिचित आहे.

थंडीची इजा : दोन भिन्न प्रकार

थंडीचा ताण म्हणजे एकच एक प्रक्रिया नव्हे. शून्य अंशाच्या वर, परंतु पिकाला सोसवत नाही इतक्या कमी तापमानामुळे होणारी इजा ही शीत-इजा होय. शून्याखाली तापमान जाऊन पेशींच्या अवतीभवती बर्फ तयार झाल्याने होणारी इजा ही गोठण-इजा होय. या दोहोंची कारणे वेगळी आहेत आणि म्हणून उपायही वेगळे आहेत.

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, दुधी, कारले, कलिंगड ही पिके उष्ण प्रदेशातून आलेली आहेत. तापमान साधारण १० ते १२ अंशांखाली काही काळ राहिले की त्यांच्या पेशींची आवरणे बिघडू लागतात. ही आवरणे स्निग्ध पदार्थांची बनलेली असतात. ज्याप्रमाणे खोबरेल तेल हिवाळ्यात थिजते, त्याप्रमाणे या आवरणांतील संपृक्त मेदाम्लांचा भाग घट्ट होतो. आवरणाची लवचीकता कमी झाली की पेशीतील क्षार बाहेर झिरपतात. मुळांची पाणी शोषण्याची क्षमता मंदावते. त्यामुळे जमीन ओली असूनही रोप कोमेजलेले दिसते. अशा वेळी शेतकरी पाणी कमी पडले असे समजून पुन्हा पाणी देतो. थंड आणि अतिओल्या मातीत बुरशी बळावते व रोपांची मर सुरू होते. म्हणजे निदान चुकले की उपायच अपाय ठरतो.

थंड रात्रीनंतरचे प्रखर ऊन ही आणखी एक आपत्ती होय. थंडीने पानातील रासायनिक क्रिया मंदावलेल्या असतात, परंतु प्रकाश शोषण्याचे काम चालूच असते. वापरली न गेलेली ही ऊर्जा पेशीत ऑक्सिजनची घातक रूपे निर्माण करते आणि पाने पांढुरकी पडतात. म्हणून गारठलेल्या रोपांवरील आच्छादन सकाळी एकदम न काढता हळूहळू बाजूला करणे हितावह ठरते.

कोबी, फुलकोबी, कांदा, वाटाणा, पालक या पिकांची गोष्ट निराळी आहे. हळूहळू वाढणारी थंडी मिळाल्यास ती स्वतःला तिच्याशी जुळवून घेतात. थंडीची चाहूल लागताच पेशींत कॅल्शियमचा संकेत निर्माण होतो, विशिष्ट जनुके कार्यरत होतात, पेशीरसातील शर्करा वाढते आणि आवरणांतील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढून ती थंडीतही मऊ राहतात. उष्ण प्रदेशीय पिकांत ही क्षमता पूर्णपणे नसते असे नाही. ती मर्यादित असते. त्यांना शीत-इजेला काही अंशी तोंड देण्यास शिकविता येते, परंतु बर्फ सोसण्यास शिकविता येत नाही. उपायांची निवड करताना ही मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

निरभ्र रात्र आणि जमिनीलगतची हवा

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली असेल, तर थंडीची लाट मानली जाते. घट ६.४ अंशांहून अधिक असल्यास ती तीव्र लाट ठरते. किमान तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी झाल्यास सरासरीचा विचार न करता लाट, तर २ अंश किंवा त्याहून कमी झाल्यास तीव्र लाट जाहीर करता येते.

हे तापमान जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, हवेशीर लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकावर मोजतात. रोप मात्र जमिनीलगत असते. आकाश निरभ्र असून वारा पडला असेल, तर जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे वेगाने उत्सर्जित करतात आणि त्यांच्या सान्निध्यातील हवा वरच्या हवेपेक्षा अधिक थंड होते. त्यामुळे वेधशाळेत ३-४ अंश नोंदले जात असतानाही पानांवर बर्फाचा पातळ थर धरू शकतो. उत्तर भारतात याला 'पाला पडणे' म्हणतात. शिवाय काँक्रीटच्या वस्तीत दिवसाची उष्णता साठून राहते. त्यामुळे द्वारकेच्या सदनिकेत राहणाऱ्याला जाणवणारी थंडी आणि काही किलोमीटरवरच्या उघड्या शेतातील थंडी सारखी नसते.

दाट धुके पडले तर जमिनीची उष्णता काही प्रमाणात अडून राहते व पाल्याचा धोका घटतो. परंतु धुके दिवसभर टिकले तर ऊन मिळत नाही, माती तापत नाही आणि रोपांची वाढ खुंटते. डिसेंबर २०१९ मधील अखेरच्या दिवसांचे वैशिष्ट्य हेच होते. थोडक्यात, निरभ्र रात्रीची थंडी एका फटक्यात मारते, तर धुक्याच्या दिवसांची थंडी रोपांना हळूहळू अशक्त करते.

शेतात पाणी देण्याची रूढ पद्धत याच भौतिकशास्त्रावर आधारलेली आहे. ओली माती कोरड्या भुसभुशीत मातीपेक्षा दिवसा अधिक उष्णता साठविते आणि रात्री ती खालच्या थरांतून वर पोहोचविते. कूपनलिकेचे पाणीही हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असते. त्यामुळे पाल्याची शक्यता असलेल्या दिवशी हलके पाणी देणे उपयुक्त ठरते. मात्र नजफगड परिसरातील अनेक ठिकाणचे भूजल खारट आहे आणि कोवळ्या रोपांना क्षार सोसत नाहीत. म्हणून रोपवाटिकेसाठी पाण्याची तपासणी आधी करून घेणे अगत्याचे आहे. काडीकचरा जाळून धूर करण्याचा जुना उपाय मात्र आता टाळला पाहिजे. धुरामुळे जमिनीची उष्णता फारशी अडत नाही आणि दिल्लीच्या हिवाळी प्रदूषणात त्याची भर पडते.

रोपे कणखर करण्याचे उपाय

पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे, तो म्हणजे रोपांना टप्प्याटप्प्याने काटक बनविणे. रोपवाटिकाधारक याला 'हार्डनिंग' म्हणतात. लावणीपूर्वी सुमारे ७ ते १० दिवस रोपांचे पाणी हळूहळू कमी केले जाते आणि दिवसा आच्छादन काढून त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावली जाते. रात्रीचे संरक्षण क्रमाक्रमाने घटविले जाते. या काळात वाढ मंदावते, देठ जाड होतो, पानांवरील मेणचट थर वाढतो आणि पेशीरस घट्ट होतो. याच सुमारास नत्राची मात्रा जास्त दिल्यास लुसलुशीत, पाणीदार वाढ होते व सारे मुसळ केरात जाते. म्हणून नत्र बेताने आणि पालाश पुरेसे, हे सूत्र पाळावे लागते.

अर्थात कणखरपणाचाही अतिरेक घातक असतो. दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेली फुलकोबीची रोपे शेतात गेल्यावर अवेळी बटणाएवढे गड्डे धरतात. कांद्याच्या जून, जाड रोपांना प्रदीर्घ थंडी लागली तर डेंगळे येतात. याचा अनुभव नाशिक-पुणे पट्ट्यातील शेतकऱ्यांना आहेच. त्यामुळे किती ताण द्यायचा, हा अनुभवाने आणि पिकागणिक ठरविण्याचा विषय आहे.

दुसरा उपाय रोप वाढविण्याच्या पद्धतीत आहे. उघड्या गादीवाफ्यातून उपटलेल्या रोपाची मुळे तुटतात आणि थंड जमिनीत ती पुन्हा फुटण्यास वेळ लागतो. खाचांच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये, म्हणजे प्रो-ट्रेमध्ये, वाढविलेले रोप मुळांच्या गड्ड्यासह शेतात जाते. या ट्रेमध्ये कोकोपीट, व्हर्मिक्युलाइट आणि परलाइट यांचे ३:१:१ प्रमाणातील मिश्रण वापरले जाते. वेलवर्गीय भाज्यांना ही पद्धत विशेष लागू पडते, कारण त्यांची मुळे दुखावलेली त्यांना मुळीच खपत नाहीत. उत्तरेत लहान प्लॅस्टिक पिशव्यांत रोपे तयार करण्याची पद्धतही याच कारणाने रुजली.

तिसरा उपाय वाणांचा आणि कलमांचा आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला 'पुसा शीतल' हा टोमॅटोचा वाण रात्रीचे तापमान ८ अंशांपर्यंत उतरले तरी फळ धरू शकतो. तथापि कमी तापमानात फळ धरणे आणि रोपावस्थेत थंडी सोसणे हे दोन स्वतंत्र गुण आहेत. एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही. पूर्व आशियात काकडीचे रोप थंडी सोसणाऱ्या भोपळावर्गीय खुंटावर कलम करण्याची पद्धत प्रचलित आहे. तेथे मुळे खुंटाची असल्याने थंड मातीतही पाणी शोषले जाते. भारतात ही पद्धत हळूहळू येत असली, तरी कलमी रोपाचा खर्च लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने अद्याप जड आहे. बियाणे पेरणीपूर्वी भिजवून सुकविणे आणि रोपांवर सॅलिसिलिक आम्लासारख्या द्रव्यांची अल्प मात्रेत फवारणी करणे यांवरही संशोधन झाले आहे. परंतु ही साधने पूरक आहेत. रात्रीच्या आच्छादनाला ती पर्याय नव्हेत.

टाटीपासून प्लॅस्टिक बोगद्यापर्यंत

आच्छादनाची कल्पना नवी नाही. उत्तर भारतातील नदीपात्रांत कलिंगड, खरबूज, काकडी पिकविणारे शेतकरी पूर्वापार चर खणून बी लावतात आणि त्याच्या उत्तर-पश्चिम बाजूला सरकंडा गवताची टाटी उभी करतात. टाटी थंड वारा अडविते व दक्षिणेकडील ऊन वाफ्यावर घेते. कमी उंचीचा प्लॅस्टिक बोगदा हे याच कल्पनेचे पुढचे रूप होय.

या पद्धतीत वेलवर्गीय भाज्यांची रोपे डिसेंबर-जानेवारीत संरक्षित रोपवाटिकेत वाढवितात. साधारण महिनाभराची, चार पानांची झालेली रोपे जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या पूर्वार्धात शेतात लावतात. लगेच सरीवर दीड ते दोन मीटर अंतराने लोखंडी तारेच्या कमानी रोवून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणतात. कमानीची उंची ४० ते ६० सेंटिमीटर असते. दिवसा आतील तापमान वाढू लागले की कागदाला पूर्वेच्या बाजूस, माथ्याच्या किंचित खाली, लहान छिद्रे पाडतात व ती पुढे मोठी करतात. बाहेरचे हवामान अनुकूल झाल्यावर संपूर्ण कागद काढला जातो. यामुळे पीक सर्वसाधारण हंगामापेक्षा किमान महिनाभर आधी बाजारात येऊ शकते.

या साध्या साधनाचेही काही नियम आहेत. साधे पातळ प्लॅस्टिक वारा अडविते, परंतु रात्री जमिनीतून उत्सर्जित होणारी उष्णता त्यातून बरीचशी निसटून जाते. म्हणून सूर्यास्तापूर्वीच कडा मातीने बंद करणे, आतील माती ओलसर ठेवणे आणि पाने कागदाला चिकटणार नाहीत अशी उंची राखणे आवश्यक असते. कागदाच्या आतील बाजूस जमणारा पाण्याचा थर उष्णता अडविण्यास मदत करतो. अतिथंड रात्री वरून गवताचे किंवा पोत्याचे दुसरे आच्छादन टाकल्यास संरक्षण लक्षणीय वाढते. याउलट दुपारी छिद्रे पाडण्यास विसरले, तर थंडीतून वाचलेली रोपे उष्णतेने होरपळतात. बोगदा स्वस्त आहे, पण त्याला रोजची देखरेख लागते. म्हणजे येथे भांडवलाची जागा श्रमाने भरून काढलेली असते.

महाराष्ट्रातही हे तंत्र परके नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले नीचांकी तापमान दर हिवाळ्यात बातमीचा विषय होते. खानदेशात कलिंगड, पपई यांच्या कोवळ्या रोपांवर न विणलेल्या कापडाचे 'क्रॉप कव्हर' घालण्याची पद्धत रूढ झाली आहे. हे कापड हवा खेळती ठेवते. त्यामुळे दुपारच्या उष्णतेचा धोका प्लॅस्टिकपेक्षा कमी असतो.

लवकर येणाऱ्या पिकाचे अर्थशास्त्र

शेतकरी थंडीचा धोका का पत्करतो? पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये केली तर रोपे सुरक्षित राहतील. परंतु तेव्हा सर्वांचेच पीक एकदम बाजारात येते आणि भाव उतरतात. आधी येणाऱ्या मालाला मिळणारा अधिक भाव हा वस्तुतः जोखीम पत्करल्याबद्दलचा मोबदला आहे.

उदाहरणादाखल एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, दर १०० रुपयांच्या अपेक्षित उत्पन्नामागे चार हिवाळ्यांतून एकदा पाल्यामुळे ८० रुपयांचे नुकसान होते. म्हणजे सरासरी वार्षिक नुकसान २० रुपये झाले. संरक्षणासाठी दरवर्षी १२ रुपये खर्च केल्यास वाईट वर्षातील नुकसान २० रुपयांवर येते, म्हणजे सरासरी ५ रुपये. खर्च आणि नुकसान मिळून भार १७ रुपये. सरासरीच्या भाषेत बचत अवघी ३ रुपयांची आहे. परंतु वाईट वर्षाचे चित्र पाहिले तर ८० रुपयांचा फटका ३२ रुपयांवर आलेला दिसतो. ज्याच्याकडे स्वतःची पुंजी आहे, त्याला सरासरी महत्त्वाची वाटेल. ज्याने आडत्याकडून उचल घेऊन ठेक्याची रक्कम आधीच भरली आहे, त्याच्यासाठी वाईट वर्षच निर्णायक असते. एक हंगाम पूर्ण बुडाला तर पुढील हंगाम करण्याची संधीच उरत नाही. जोखीम व्यवस्थापनाचे मूल्य सरासरीतील वाढीत नसून सर्वनाश टळण्यात असते, हे यावरून स्पष्ट होते.

याची दुसरी बाजूही आहे. सर्वांनीच बोगदे वापरले तर लवकर येणाऱ्या मालाचा पुरवठा वाढेल व अधिक भाव ओसरेल. अमेरिकन कृषिअर्थतज्ज्ञ विलर्ड कॉक्रेन यांनी १९५८ मध्ये मांडलेली तंत्रज्ञानाच्या 'फिरत्या पट्ट्याची' कल्पना येथे लागू पडते. नवे तंत्र प्रथम स्वीकारणाऱ्याला लाभ मिळतो. नंतर येणाऱ्यांना केवळ टिकून राहण्यासाठी ते स्वीकारावे लागते. अंतिम लाभ स्वस्त भाजीच्या रूपाने ग्राहकाच्या पदरात पडतो. तो नगण्य नाही. २०१२ या पायाभूत वर्षावर आधारित ग्राहक किंमत निर्देशांकात भाज्यांचा भार ६.०४ टक्के होता आणि महागाईच्या दरातील चढउतारांत त्यांचा वाटा या भारापेक्षा पुष्कळ मोठा असल्याचे वारंवार दिसले आहे. टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्या भावांतील अस्थिरता कमी करण्यासाठी २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटी रुपयांची 'ऑपरेशन ग्रीन्स' योजना जाहीर झाली, ती याच पार्श्वभूमीवर. रोपांचे संरक्षण हा भावस्थैर्याच्या साखळीतील पहिला दुवा आहे. म्हणून त्याचा खर्च सर्वस्वी उत्पादकावर न टाकता समाजाने त्यात सहभागी होणे आर्थिकदृष्ट्या समर्थनीय ठरते.

योजना कोणापर्यंत पोहोचतात?

राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५-०६ मध्ये सुरू झाले. २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचा भाग बनले. त्याखाली हरितगृहे, शेडनेट, प्लॅस्टिक बोगदे यांसाठी अर्थसाहाय्याची तरतूद आहे. हरियाणातील घरौंडा येथे भारत-इस्रायल सहकार्यातून २०११ मध्ये सुरू झालेले भाजीपाला उत्कृष्टता केंद्र दर्जेदार रोपांच्या पुरवठ्याचे उदाहरण म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रात २०२०-२१ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने भाजीपाला रोपवाटिका योजना राबविण्यात आली. तीत ५० टक्के अनुदानाची तरतूद असून अर्जदाराच्या मालकीची किमान ०.४० हेक्टर जमीन असण्याची अट होती.

या अटीतच प्रश्नाचे मर्म आहे. अनुदान बहुधा कायम बांधकामाला आणि जमिनीच्या कागदपत्राला जोडलेले असते. दिल्ली जमीन सुधारणा कायदा, १९५४ नुसार, हा कायदा ज्या ग्रामीण क्षेत्राला लागू आहे तेथे, अपंगत्वासारखे अपवाद वगळता शेतजमीन भाडेपट्ट्याने देण्यास मनाई आहे. कसेल त्याला जमीन मिळावी, हा त्यामागील हेतू उदात्त होता. परंतु त्यामुळे ठेक्याचे व्यवहार थांबले नाहीत, ते तोंडी झाले. तोंडी करारावर कसणाऱ्याला ना अनुदानाचा अर्ज करता येतो, ना सहजपणे बँकेचे कर्ज मिळते. नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा मांडला, तो हीच कोंडी फोडण्यासाठी. मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि आपत्तीतील मदत मिळावी, हे त्याचे सूत्र आहे.

विम्याच्या बाबतीत २०१६ पासूनची पुनर्रचित हवामानाधारित पीक विमा योजना उल्लेखनीय आहे. तीत कमी तापमान हा भरपाईचा एक निकष होऊ शकतो आणि वार्षिक व्यापारी व फलोत्पादन पिकांसाठी शेतकऱ्याचा हप्ता कमाल ५ टक्के आहे. मात्र भरपाई संदर्भ हवामान केंद्रातील नोंदीवरून ठरते. वर पाहिल्याप्रमाणे केंद्रातील तापमान आणि रोपाजवळचे तापमान यांत काही अंशांचा फरक असू शकतो. रोपे मरतात, परंतु नोंद मर्यादेच्या वर राहते, अशा तफावतीला विमाशास्त्रात 'आधारभूत जोखीम' म्हणतात. केंद्रांचे जाळे दाट करणे आणि भरपाईच्या मर्यादा पीकवाढीच्या अवस्थेनुसार ठरविणे हे त्यावरील उपाय होत.

माहिती हे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेद्वारे दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी सल्ला प्रसृत होतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'मेघदूत' या मोबाइल ॲपवरही तो उपलब्ध करून देण्यात आला. पाल्याची सूचना एक दिवस आधी मिळाली तरी हलके पाणी देणे, कडा बंद करणे आणि दुसरे आच्छादन टाकणे शक्य होते. ही माहिती घेण्यासाठी जमिनीचा उतारा लागत नाही. एकाने ती वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ती सार्वजनिक वस्तू आहे व म्हणूनच शासनाने ती पुरविणे उचित ठरते.

निष्कर्ष

भाजीपाल्याच्या रोपांना थंडी सोसण्यास मदत करणारे उपाय ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुतेक अल्पखर्ची आहेत. क्रमाक्रमाने कणखर केलेले रोप, मुळांच्या गड्ड्यासह लावणी, ओलसर माती, योग्य वेळी बंद होणारा व योग्य वेळी उघडणारा बोगदा आणि वेळेवर मिळालेली सूचना यांच्या संयोगातून बरेचसे नुकसान टाळता येते. यांपैकी कोणतीही गोष्ट जमिनीत कायमची रोवलेली नाही. तारेच्या कमानी, कागद आणि ट्रे गुंडाळून दुसऱ्या शेतात नेता येतात. ज्याला पुढील वर्षी हीच जमीन कसायला मिळेल याची शाश्वती नाही, त्याच्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

धोरणाची दिशाही त्यावरूनच ठरावी. बांधकामाबरोबरच अशा हलविता येण्याजोग्या साधनांना आणि दर्जेदार रोपांच्या खरेदीला थेट साहाय्य दिले, तर ते जमीनमालकाप्रमाणेच ठेक्याने कसणाऱ्यापर्यंतही पोहोचू शकेल. नाबार्डच्या पुढाकाराने राबविले जाणारे संयुक्त दायित्व गट हे त्यासाठीचे एक उपलब्ध माध्यम आहे. चार ते दहा कसणाऱ्यांचा गट परस्परांच्या हमीवर कर्ज घेऊ शकतो आणि सामाईक रोपवाटिकाही चालवू शकतो. द्वारकेसारख्या उपनगरांचा विस्तार शेतीची जमीन घटवीत राहील, तो थांबविणे कृषी विभागाच्या हाती नाही. परंतु उरलेल्या शेतांत कष्ट करणाऱ्याचे पीक एका निरभ्र रात्रीच्या स्वाधीन राहू नये, एवढी व्यवस्था निश्चितच करता येण्यासारखी आहे.